बोनेटखालचा उजेड

दिवाळी सरते, लवकर येणारा हलका धान कापून होतो आणि पवनीकडून आमच्या गावाकडे येणाऱ्या रस्त्याला ओल्या तणसाचा वास सुटतो. तणीस म्हणजे धान झोडून उरलेला पेंढा. शहरातून आलेली माणसं गाडीच्या काचा खाली करून तो वास छाती भरून घेतात आणि गावाकडची हवा, गावाकडची हवा असं म्हणत राहतात. मी त्या रस्त्यानं जाताना नाकाला रुमाल बांधतो. चार वर्षं झाली, या दिवसांत माझं कोणाशी धड पटत नाही. बायको म्हणते, धान घरात येईपर्यंत तुमच्याशी बोलायचंच नाही. ती बरोबर बोलते.

परवा पवनीहून मोटरसायकलवर येत होतो. दिवस नुकता मावळला होता. रस्त्याच्या कडेला एक पांढरी गाडी बोनेट उघडून उभी दिसली. बंद पडली असेल, बॅटरी उतरली असेल, आपल्या हातात विद्या आहे तर मदत करू, म्हणून मी थांबलो. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. बोनेटच्या आत चारही कडांनी एलईडीची पट्टी चिकटवलेली, इंजिन निळं, बॅटरी निळी, पाण्याची बाटलीसुद्धा निळी. चार तरुण तिच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. एक जण मला म्हणाला, "काका, जरा बाजूले व्हा न. फोटोत येऊन राहिले तुम्ही."

मी बाजूला झालो. मनात आलेल्या शिव्या मनातच ठेवल्या.

मला या उजेडाचा राग आहे, आणि तो मी लपवत नाही. बोनेटच्या खाली काय असतं? ऑइलचे डाग, धूळ, पट्टा, नळ्या, वायरी. गाडी बिघडली तरच माणूस तिथं डोकं घालतो, आणि तेव्हा दातात धरलेली टॉर्च पुरते. तिथं रोषणाई करणं म्हणजे मोरीत झुंबर टांगणं. त्यातही खुबी अशी, की बोनेट बंद असताना तो उजेड कोणालाच दिसत नाही. म्हणून बोनेट उघडं ठेवायचं आणि लोकांनी बघावं म्हणून आपण बाजूला उभं राहायचं. झाकायची वस्तू उघडी टाकून मिरवणाऱ्या माणसाला कसला आनंद मिळतो, ते मला अजून कळलेलं नाही. मिळतो हे मात्र मी माझ्या घरात पाहिलं आहे.

विलास माझा धाकटा भाऊ. घरची शेती तो पाहतो. मी आयटीआयमध्ये वीजतंत्री शाखेचा निदेशक आहे. गावात निदेशक वगैरे कोणी म्हणत नाही, लहानथोर सगळे सर म्हणतात. कोणाचा पंखा घरघरला, कोणाच्या मोटरपंपानं झटका दिला, की सरांना बोलवा. सर म्हणतील ती पूर्व. या मानाची मला सवय झाली होती आणि ती मला आवडायची, हेही सांगून टाकतो.

चार वर्षांपूर्वीच्या त्या दिवाळीत विलासनं नागपूरहून जुनी गाडी आणली. पाडव्याच्या दिवशी तिची पूजा झाली, लिंबं चाकाखाली गेली, आई ओवाळताना रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी विलास हातात एक गुंडाळी घेऊन माझ्यासमोर उभा.

"दादा, हे पट्टी बोनटच्या आतून मारून दे. रिमोटवर रंगबी बदलते."

"कायले?"

"कायले म्हंजे? मंडईत गाडी उभी करीन, बोनट उघडीन. लोकं पायतीन."

"मंडईत लोकं इंजिन पाहाले येतेत काय?"

"तुले नसन लावाची तं नोको लावू. पवनीचा मिस्त्री लावून देईन. मंग लोकं म्हनतीन, घरात मास्तर असून भाऊ दुसऱ्याच्या दारात गाडी घेऊन फिरते."

मंडई म्हणजे दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव भरणारी एक दिवसाची जत्रा. त्या दिवशी लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकी ठरतात, गोडशेव आणि पानाचे विडे खाऊन जिभा लाल होतात. त्या गर्दीत इंजिन दाखवायची कल्पना मला इतकी मूर्खपणाची वाटली की मी तोंडाला येईल ते बोललो. विलासही बोलला. शेवटी आई ओसरीवरून ओरडली, "लावून दे न बाप्पा! वर्साचा सन आहे आन् दोघं सकाळपासून भांडून राहिले."

मी लावून दिली.

रागात केलेल्या कामात हात मन लावत नाही. पट्टी मी सरळ चिकटवली, वायर बिजागरीजवळून वळवून घेतली, जोडांवर काळी टेप गुंडाळली. वरून बघणाऱ्याला काम नेटकं दिसलं असतं. पण विलासची आणखी एक मागणी होती. चावी काढून घेतल्यावरही दिवे चालू राहिले पाहिजेत. म्हणजे वायर थेट बॅटरीवरून घ्यायची. घ्यायला हरकत नसते, फक्त बॅटरीच्या अगदी जवळ, वायरच्या सुरुवातीलाच, एक फ्यूज बसवावा लागतो. पुढं कुठं वायर सोलली आणि पत्र्याला टेकली, तर तो बारीकसा फ्यूज जळतो आणि सगळं तिथंच थांबतं. फ्यूज नसेल तर बॅटरी आपली सगळी ताकद त्या वायरमध्ये ओतते आणि वायर चुलीतल्या सळईसारखी लाल होते. हे मी दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्या आठवड्यात सांगतो. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितो, "फ्यूज आधी, दिवा नंतर." ज्याच्या वहीत ते वाक्य नसेल त्याला मी बाहेर उभं करतो.

पट्टीच्या पाकिटात फ्यूज नव्हता. वर्कशॉपच्या कपाटात होते, पण आयटीआयला दिवाळीची सुट्टी होती.

"सुट्टी सरली का आनतो," मी म्हणालो. "तोवर लावू नको."

"बारा व्होल्टनं का होते दादा? माशीबी मरत नाई."

मी हसलो. हेच वाक्य वर्गात कोणी बोललं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. भावाच्या तोंडून ते ऐकून हसलो आणि दोन वायरी जोडून मोकळा झालो. सुट्टी संपली, मी कामावर रुजू झालो, कपाटही रोज उघडत होतो. फ्यूज आणायचा राहिला, कारण मला त्या गाडीचं तोंड पाहायचं नव्हतं.

मंडईच्या दिवशी विलासनं गाडी पानठेल्यासमोर उभी केली आणि भर दुपारी बोनेट उघडलं. उन्हात दिवे दिसेनात, म्हणून तो दर पाच मिनिटांनी हातांची सावली करून कोणालातरी आत डोकवायला लावत होता. सोनाबाई नावाची एक म्हातारी किती तरी वेळ गाडीकडे बघत उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, "याले का झालं बाप्पा? गाडीचा दात दुखते काय, आ करून ठेवलं?" लोक पोट धरून हसले. विलासचं तोंड एवढंसं झालं. मला भारी बरं वाटलं, आणि त्या दिवशी मी घरी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

हसलेल्या लोकांत सुखदेवभाऊ होता. आमच्या शेताला त्याचं शेत लागून. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन घरांचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. कोणी कोणाचा हातभर धुरा कोरला हे आता दोघांनाही नक्की सांगता आलं नसतं. वयानं तो माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. अंगानं काटकुळा, बोलण्यात फटकळ, बिडीचा शौकीन. गावात बहुतेकांनी ट्रॅक्टर धरला तरी त्यानं बैलजोडी ठेवली होती आणि बैलांशी तो माणसांपेक्षा गोड बोलायचा. विलासकडे बघून तो त्या दिवशी जरा जास्तच मोठ्यानं हसला. विलासनं ते लक्षात ठेवलं.

मग उशिरा येणारा भारी धान कापला गेला. आमच्याकडे कापलेला धान लगेच झोडत नाहीत. भारे बांधून खळ्यावर आणतात, एकावर एक गोल रचतात. त्या ढिगाला पुंजणं म्हणतात. पुंजण्यात वर्षभराचं घर असतं, म्हणून मळणी होईपर्यंत त्याची राखण करावी लागते. रानडुकरं येतात, मोकाट गुरं येतात. आमचे बाप-आजोबा शेकोटी पेटवून, डबा वाजवून राखण करत. विलासनं नवी तऱ्हा काढली. गाडी पुंजण्याशेजारी उभी करायची, बोनेट उघडं टाकायचं आणि आतले दिवे लावायचे. उघड्या बोनेटवरून उजेड खळ्यावर पसरायचा, रंग बदलायचे, डुकरं खरोखर फिरकेनाशी झाली. गावातली माणसं संध्याकाळी पाहायला येऊ लागली. मंडईत हसलं गेलेलं यंत्र खळ्यावर कामाला आलं आणि विलासची मान परत ताठ झाली. मीसुद्धा एकदोनदा म्हणालो, डोकं चालवलं पोरानं.

त्याची तऱ्हा सुखदेवभाऊच्या बैलांना मानवली नाही. त्याचा गोठा खळ्याच्या अगदी कडेला. लाल, निळा, हिरवा असा उजेड भिंतीवर नाचायला लागला की बैल उसळ्या मारायचे. एका सकाळी पानठेल्यावर दहाजणांसमोर तो विलासला म्हणाला, "हे तुहे लाईट बंद कर गा विलास. बैल दावं तोडून राहिले. नाई करशीन तं एक दिवस मीच बंद करीन."

विलास म्हणाला, "करून तं दाखव."

एवढंच झालं. अशा बोलाचाली गावात रोज होतात आणि दुपारपर्यंत विरून जातात. ही विरली नाही.

आता जे सांगतो ते आमच्या मुलखाबाहेरच्या माणसाला खोटं वाटेल. उघड्या बोनेटमधून इंजिनावर दव पडायचं. सकाळी सगळं ओलं. विलासनं त्यावर उपाय काय केला, तर इंजिनावर आणि बॅटरीवर तणसाचा एक जाड थर पसरला. आमच्याकडे दवापासून, थंडीपासून काहीही वाचवायचं असलं की हात आपोआप तणसाकडे जातो. भोपळ्याखाली तणीस, कोंबडीखाली तणीस, नदीकाठच्या मोटरपंपावर तणीस, नव्या बाळंतिणीच्या खाटेवर गोधडीखाली तणीस. जन्मल्यापासून आम्ही त्याच्या उबेत वाढलो, त्यामुळे ते पेटतं हे आम्हाला चुलीशेजारीच आठवतं. मी खळ्यावर गेलो तेव्हा तो थर माझ्या डोळ्यांनी पाहिला. इंजिन थंड आहे, काय होतंय, असं मला वाटलं. वर्गात वीज शिकवणारा मी खळ्यावर पोचेपर्यंत नुसता शेतकऱ्याचा पोरगा झालेलो असायचो.

त्या दिवशी सहा वाजले असतील. डिसेंबरातला दिवस, अंधार पडायला लागलेला. विलास दिवे लावून चहा प्यायला घरी आला होता. मी ओसरीवर बसून बशीत चहा ओतत होतो. खळ्याकडून कोणीतरी ओरडलं, "पेटलं! धावा गा, पेटलं!" आम्ही पळालो. गाडी जळत होती आणि गाडीवरून आग पुंजण्यावर चढली होती. धानाची आग वाईट. कणसं तडतडतात, लाह्या फुटतात, आणि त्या घरच्या फराळासारख्या वासानं माणसाला जास्तच ओरडावंसं वाटतं. आमच्याआधी तिथं एकच माणूस होता. सुखदेवभाऊ. ओलं पोतं घेऊन तो पुंजण्याच्या खालच्या अंगाला झोडपत होता. त्याच्या भुवया जळाल्या होत्या. धावा म्हणून ओरडणारा आवाज त्याचाच होता.

अर्ध्या तासात काही उरलं नाही. लोक उभे राहिले, धापा टाकत. मग गर्दीतून विलासचा आवाज आला. "सगळ्याइच्या आंधी हा कसा पोचला इथं?"

कोणीही म्हणालं नाही की त्याचा गोठा पन्नास पावलांवर आहे, तो पोचणार नाही तर कोण पोचणार. माणसं सुखदेवभाऊकडे वळून पाहायला लागली. पानठेल्यावरचं वाक्य सगळ्यांना एकाच वेळी आठवलं. तो हातातलं जळकं पोतं घेऊन तसाच उभा होता. "मी आग इझवून राहिलो होतो," तो म्हणाला. त्यानं ते दोनदा सांगितलं.

आमच्या भागात पुंजणं जाळणं हे जुनं पाप आहे. दर वर्षी कुठं ना कुठं कोणी वैरापोटी काडी लावतो, आणि जाळणारा माणूस खुनी माणसापेक्षा वाईट समजला जातो. त्यामुळे पुंजणं पेटलं की गाव आधी वैरी शोधतं, कारण नंतर.

सकाळी पंचनाम्याला तलाठी आला, पोलीस आले. त्याच्या आधी, उजाडताना, मी एकटा खळ्यावर जाऊन आलो होतो. गाडीचा सांगाडा गार झाला होता. बॅटरीपासून निघालेली माझी वायर बिजागरीपर्यंत उघडी पडली होती आणि जिथं ती पत्र्याला घासली होती तिथं तांबं वितळून त्याचा गोल मणी झाला होता. बाहेरच्या आगीत वायर काळी पडते, ठिसूळ होते. असा मणी शॉर्ट झाल्यावर होतो. मी तो नखानं टोकरून पाहिला. रोज उघडझाप करून, बोनेटच्या बिजागरीत दाबली जाऊन वायर सोलली होती, आणि मध्ये फ्यूज नव्हता. वरून तणीस होतं. मला आणखी काही शोधायची गरज नव्हती.

सगळ्यांसमोर पोलीस पाटील मला म्हणाला, "सर, तुम्ही यातले जानकार. पाहून सांगा, शॉर्टबिर्ट झालं असन काय?"

विलास माझ्याकडे बघत होता. आई खाली मान घालून बसली होती. आयटीआयच्या मास्तरानं भावाच्या गाडीला फ्यूज न लावता वायर जोडली आणि घरचं पुंजणं जाळलं, ही बातमी पवनीपर्यंत जायला किती वेळ लागला असता, याचा मी त्या एका क्षणात पुरता हिशेब केला. वर्गातला फळा डोळ्यांपुढं आला. सुखदेवभाऊ जरा लांब उभा होता. तोही माझ्याकडेच बघत होता, आणि त्याच्या नजरेत भरवसा होता. सर आहेत, सरांना कळेल, असा.

मी म्हणालो, "नाही."

पंचनाम्यात "अज्ञात इसमाने" असं लिहिलं गेलं आणि सुखदेवभाऊला त्याच दुपारी चौकशीला नेलं. दोन दिवसांनी सोडलं. पुढं पुरावा नाही म्हणून प्रकरण मिटलं. सरकारी कागदावर त्याचं काही बिघडलं नाही. गावात मात्र सगळं बिघडलं. राखणीच्या पाळ्यांतून त्याचं नाव गेलं. आधी आजूबाजूचे शेतकरी आळीपाळीनं एकमेकांची पुंजणी राखत. आता याला कोणी बोलवेना, आणि याच्या पुंजण्याकडे कोणी जाईना. त्याच्या मुलाची ठरत आलेली सोयरीक मोडली, ती मंडळी लाखांदूरकडची होती, त्यांना इथून कोणीतरी कळवलं. त्यानं बिडी सोडली. तब्येतीसाठी सोडली असं लोक म्हणायचे. मी एकदा पाहिलं होतं, पानठेल्यावर त्यानं खिशातून माचिस काढली आणि बोलणारी माणसं गप्प झाली. त्यानं माचिस परत खिशात ठेवली.

आणि मी? मी पुढच्या जुलैत नव्या वर्गासमोर उभा राहून फळ्यावर लिहिलं, "फ्यूज आधी, दिवा नंतर." खडू तुटला नाही, अक्षर वाकडं आलं नाही. माणसाला काही होत नाही, हे मला तेव्हा कळलं. खोटं बोलून तो जेवतो, झोपतो, पगाराच्या दिवशी खूश असतो. फक्त धानाचे दिवस आले की त्याला वास सहन होत नाही आणि तो रस्त्यावरच्या अनोळखी पोरांवर मनातल्या मनात खेकसतो. माझा राग त्या निळ्या दिव्यांवर आहे असं मी चार वर्षं स्वतःला सांगितलं. दिव्यांनी माझं काय घोडं मारलं होतं? बॅटरीतून जेवढं मिळालं तेवढं त्यांनी जाळलं.

या दिवाळीत विलासनं दुसरी गाडी घेतली. परवा रस्त्यावरची ती फोटोवाली पोरं सोडून मी घरी आलो, तर अंगणात हिचंही बोनेट उघडं. आत पट्टी. नागपूरच्या दुकानातून बसवून आणलेली, वायरी नळीतून नेलेल्या, कुठं टेप दिसत नव्हती. मी वाकून आत बघत उभा राहिलो. विलासला वाटलं मी तपासतोय. तो सहज म्हणाला, "पाहू नोको दादा. या टायमाले फ्यूज हाये."

मी त्याच्याकडे पाहिलं. आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो रिमोट शोधायला घरात गेला.

चार वर्षं आम्ही दोघं एका ताटात जेवलो, आणि दोघांनाही माहीत होतं. गावासमोर सुखदेवभाऊवर संशय घेऊन तो ओरडला होता तेव्हा त्याला माहीत नसेल, असं मी धरून चाललो होतो. मला ते सोयीचं होतं. परवा रात्रभर माझी चीड माझ्या घरातच फिरत राहिली, आणि तिला बाहेर काढायला दुसरी जागा सापडेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सुखदेवभाऊच्या खळ्यावर गेलो. धान उडवायचं काम चाललं होतं. तो सूप उंच धरून वाऱ्यात धान सोडत होता, त्याची बायको केरसुणीनं भुसा बाजूला लोटत होती. मी धुरा ओलांडून आलेलो पाहून तिनं हात थांबवला. त्यानं थांबवला नाही.

मी सगळं सांगितलं. फ्यूज, वायर, तांब्याचा मणी, पोलीस पाटलाचा प्रश्न, माझं उत्तर. सूप रिकामं झालं तेव्हा तो माझ्याकडे वळला.

"मले काहून सांगून राहिले सर?" तो म्हणाला. "मी नाई लावली, हे मले मालूम नसन काय?"

तो वाकून सुपात परत धान भरायला लागला.

"ज्याइले मालूम नाई त्याइले सांगा. चौकात सांगा. तिथं तुम्ही नाई म्हनलं होतं न, तिथंच हो म्हना."

त्याची बायको पहिल्यांदा बोलली. "पोराचं लगन अजून अडून आहे भाऊ," ती म्हणाली. एवढंच. मग ती भुसा लोटायला लागली. मी धुऱ्यावरून परत आलो. माझी चप्पल चिखलात रुतली होती, ती काढायलाही मी थांबलो नाही.

आज सकाळी मंडईची सभा होती. मारुतीच्या देवळासमोर पन्नास-साठ माणसं जमलेली. दंडार, म्हणजे रात्रीचा नाचगाण्याचा खेळ, कोणती आणायची, दुकानं कुठं लागतील, असं चाललं होतं. मी उभा राहिलो. सरांना काही बोलायचंय म्हटल्यावर सगळे गप्प झाले. मागच्या बाजूला, कडुलिंबाखाली, सुखदेवभाऊ येऊन उभा होता. चार वर्षांत तो सभेला पहिल्यांदाच आला होता.

मी गोल गोल बोललो नाही. त्या वर्षीची आग माझ्या वायरनं लागली, मी फ्यूज लावला नव्हता, सकाळी खळ्यावर मला ते दिसलं होतं आणि मी गावासमोर खोटं बोललो. सुखदेवभाऊ फक्त विझवायला आला होता. एवढं सांगितलं आणि थांबलो. लोक माझ्या अंगावर येतील, शिव्या देतील, थुंकतील, अशी माझी तयारी होती. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होतो.

विलास उठून निघून गेला. मग पोलीस पाटलानं मान हलवली आणि म्हणाला, "मोठा मानूस. दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घेऊन राहिला. गावातली भांडनं मिटाव म्हनून."

"अहो, मी खरं सांगतोय," मी म्हणालो.

"समजते न सर, समजते. सुखदेवच्या पोराचं लगन हाये, तुम्हाले दया आली. याले म्हनतेत मास्तर." बाजूचे दोघंतिघं माना डोलवायला लागले. कोणी टाळी वाजवली. एक जण म्हणाला, सरांचं मन पहिलेपासूनच असं आहे. मी परत बोलायला लागलो, मणी सांगितला, बिजागरी सांगितली. जितकं सांगावं तितकं त्यांच्या चेहऱ्यांवर माझ्याबद्दलचं कौतुक वाढत चाललं. कोणाला वायर ऐकायची नव्हती. सरांचा शब्द मोडायचा नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि मी कधीकाळी उच्चारलेला एक शब्द त्यांनी घट्ट धरून ठेवला होता.

पोलीस पाटील लिंबाकडे वळला. "का गा सुखदेव, पाहून का राहिला? सर तुह्यासाठी आपलं नाव खराब करून घेऊन राहिले. हात जोड त्याइले."

सगळी सभा तिकडे बघायला लागली. सुखदेवभाऊ हलला नाही. त्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कोणीतरी मागून म्हणालं, "जोड न गा, मानूसकी हाये काई?" तो गर्दीतून वाट काढत पुढं आला, माझ्यासमोर उभा राहिला, आणि माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या त्या माणसानं गावादेखत मला हात जोडले.